चिठ्ठी मागणारी यशोदाबाई

आमच्या आत्याला एका जागी बसवून दाखवील असा माणूस काही आमच्या गावात झाला नाही. आत्या म्हणजे माझी सासू, यशोदाबाई. आमच्याकडे सून सासूला आत्याच म्हणते. भाकरी थापता थापता ती उठून म्हशीला हाकलून यायची. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताटासकट ओट्यावर, ओट्यावरून परसात. मी अमळनेरची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन या बोरीकाठच्या गावात आले तेव्हा मला वाटलं, या बाईच्या पायाला भिंगरीच बांधलेली आहे. आणि तोंडाचं तर विचारूच नका. माझ्याही तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यामुळे आपल्या घरात रेडिओची गरज नाही, असं माझा नवरा रुपचंद म्हणायचा.

अशी ही बाई आयुष्यात एकाच ठिकाणी निवांत उभी राहायची. मतदानाच्या दिवशी, शाळेत, त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे. बाकीची माणसं आत जातात, शिक्का मारतात, कागद दुमडतात, बाहेर येतात. आत्या गेली की गेलीच. रांग खोळंबायची. मागच्या बाया कुरकुरायच्या. साहेब मान वाकडी करून विचारायचे, बाई, शिक्का सापडत नाही का? एकदा मी तिच्या मागेच होते, लाजेनं माझं तोंड एवढंसं झालं. घरी येताना मी भांडले, की केवढा हा तमाशा, सगळं गाव हसतंय. ती पुढे भराभरा चालत होती. तशीच मागे न बघता म्हणाली, "तठे कोनी इचारस नही, कोनी देखस नही. जरा उभी राहू दे ना वं."

मला काही ते उमगलं नाही. मी रुपचंद सांगेल तिथं शिक्का मारायचे आणि चटकन बाहेर यायचे. त्यात विचार तो कसला करायचा?

पंच्याण्णव सालच्या आषाढात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. बायकांच्या जागा राखीव ठेवायचा कायदा नवा नवा होता. ज्यांनी जन्मात बाईला चावडीची पायरी चढू दिली नाही, ते पुढारी उभ्या करायला बायका मिळवताना कशी धावपळ करत होते ते बघायला मजा आली. गिरधर आबा तेव्हा सरपंच. इतक्या वर्षांचे सरपंच, की शाळेतल्या पोरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. आबा आमचे भाऊबंद, आत्याचे चुलत पुतणे. लहानपणी त्यांची आई वारली तेव्हा काही वर्षं ते आत्याच्याच हातचं जेवले होते. त्यांनी आत्याला उभं केलं. काकूचं मत म्हणजे घरातलं मत, असा हिशेब.

दुसरी बाई कलाबाई. बौद्ध वस्तीतली, राखीव जागेवरची. तिचा नवरा आबांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं आणि मग वर्षभर तो, बैल आणि आबांचं खळं. कलाबाई निवडून आली तेव्हा आबा चारचौघांत म्हणाले, तिची चिंता नाही, तिचा नवरा आपल्या खळ्यात आहे.

एकूण मेंबर नऊ. पाच आबांच्या बाजूचे: आबा स्वतः, त्यांचा जावई, दुकानातला भागीदार आधार, आमची आत्या आणि कलाबाई. उरलेले चार झुलाल पाटलांचे. या नऊ जणांनी आपल्यातून सरपंच निवडायचा. आबांकडचं एक जरी फुटलं तरी झुलाल सरपंच. मग मेंबर फुटू नये म्हणून काय करायचं, तर निवडीच्या दिवसापर्यंत त्याला गावाबाहेर फिरवत ठेवायचं. आमच्याकडे ही रीतच पडलेली, आणि तिला नाव देवदर्शन. निकाल लागला आणि आबांनी लगेच जीप काढली. आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळायला म्हणून मीही चढले. खरं कारण म्हणजे मला उनपदेवचा गरम पाण्याचा झरा बघायचा होता.

कसलं दर्शन न कसलं काय! चोपड्यात चहा प्यायला उतरलो तर आधार मागे. परसाकडे जायचं तर आधार दहा पावलांवर तोंड फिरवून उभा. झुलालची माणसं मोटारसायकलवर मागे आहेत अशी कोणीतरी बातमी आणली, की जीप भलत्याच रस्त्याला वळायची. धर्मशाळेत वरण-बट्टी चांगली होती, पण खाणाराचं लक्ष दाराकडे. आत्या तर नुसती तळमळत होती. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीशी, परत दाराशी. शेवटी आधारवर ती फिस्कारली, "मी काय खुटाले बांधेल बकरी शे का?" आधार हसला आणि दारातच बसून राहिला.

यावलकडे डोंगरात मनुदेवीला नेलं. तिथं आबांनी देवीसमोर भंडारा ठेवला. हळद हातात घेऊन म्हणायचं, मत गिरधरला. जावयानं उचलला, आधारनं उचलला. आत्यानं मूठ भरून उचलला आणि देवळाबाहेर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मत गिरधरले." कलाबाईची पाळी आली तेव्हा ती मागे सरकली. आम्ही बुद्धाचे, आम्ही भंडारा उचलत नाही, असं हळूच म्हणाली. जावयानं डोळे वटारले. आबा मात्र हसले. म्हणाले, राहू दे, तिला शपथ कशाला लागते, तिचा नवरा माझ्याकडेच भाकरी खातो. कलाबाई खाली बघत राहिली. मला तेव्हा वाटलं, आबा किती मोठ्या मनाचे.

परत येताना उनपदेवला थांबलो. गोमुखातून कढत पाणी पडत होतं. आत्या कुंडाच्या काठावर पाय सोडून बसली होती, मी तिच्या गुडघ्यावर पाणी घालत होते. कलाबाई येऊन शेजारी बसली. दोन दिवसांत तिनं अर्धी बट्टीसुद्धा धड खाल्ली नव्हती. बराच वेळ ती पाण्यात बोट फिरवत राहिली. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"अक्का, हात वर करसूत तव्हय आबा देखतीनच ना?"

मी मनात म्हटलं, काय बावळट बाई आहे! हात वर करायचा तो दिसावा म्हणूनच ना? आबा काय डोळे मिटून बसतील? आत्यानं पाय पाण्याबाहेर काढले आणि चप्पल न घालताच उठून चालायला लागली. त्या संध्याकाळी तिनं कुंडाला किती फेऱ्या मारल्या देव जाणे. मी बोलावलं, तेल गरम केलं, ती आली नाही.

आता पाण्याचं काय होतं ते तुम्हाला सांगते, म्हणजे कलाबाईचा प्रश्न कळेल. गावात नवी टाकी झाली होती. तिचा पाइप आबांच्या खळ्याच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबला होता. पुढे वस्ती. वस्तीतल्या बाया नदीपलीकडच्या हापशावरून हंडे आणायच्या. कलाबाईच्या पोरीची शाळा त्या हंड्यापायीच सुटली. आबांना विचारलं की आबा म्हणायचे, बघू, पुढच्या वर्षी. झुलालनं प्रचारात कबूल केलं होतं की मी सरपंच झालो तर पाइप वस्तीत नेईन. झुलाल काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आमच्या शेताचा बांध त्यानं नांगरानं सरकवला होता, आत्या त्याचं नाव घेतलं तरी थुंकायची. पण वस्तीला पाणी देतो असं उघड बोलला तो एकटाच.

निवडीच्या दिवशी जीप थेट ग्रामपंचायतीच्या दाराशी लावली. मेंबर आत गेले, आम्ही बाकीचे खिडक्यांना लटकलो. उकाडा असा की जीव नकोसा झाला होता, आणि वीज गेलेली. तालुक्याहून आलेले साहेब कोवळे होते, त्यांची कॉलर घामानं भिजली होती. सरपंचपदासाठी दोन नावं आली, गिरधर आणि झुलाल. साहेबांनी हातातला कागद घाईघाईनं वाचला. मतदान हात वर करून होईल, कोणा सदस्याची मागणी असल्यास गुप्त मतदान घेण्यात येईल, वगैरे. हे दरवेळी वाचतात. ते कोणी ऐकत नाही. साहेबांनी पान उलटलंसुद्धा.

आत्या उभी राहिली.

"साहेब, माले चिठ्ठी जोयजे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग आबा मऊपणानं म्हणाले की काकू, बस, आपलं सगळं ठरलेलं आहे. ती बसली नाही. साहेबांनी विचारलं, गुप्त मतदानाची मागणी कोणाची? "मन्ही," आत्या म्हणाली, आणि कागदावर असतं तसं आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. मग एकच गलका झाला. जावई म्हणाला, म्हातारी गोंधळली आहे. आधार म्हणाला, आम्हा कोणालाच चिठ्ठी नको आहे, हवं तर मतं घ्या. साहेबांनी घाम पुसला आणि सांगितलं, त्याला मतं लागत नाहीत, एका मेंबरनं मागितली तरी द्यावी लागते.

मी खिडकीचे गज घट्ट धरले. माझ्या मनात एकच आलं, ही फुटली. देवीचा भंडारा उचलून ही बया फुटली! लोखंडी कपाट आडवं लावून आडोसा केला. चिठ्ठीवर वर गिरधर, खाली झुलाल, हवं त्यापुढे फुली मारायची. एकेक जण कपाटामागे जाऊन आला. कलाबाई गेली आणि आली, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. आत्या नेहमीसारखी आत जाऊन उभीच राहिली. आबा कपाटाकडे असे बघत होते की पत्र्यातून आरपार दिसावं.

झुलाल पाच, गिरधर चार.

बाहेर झुलालच्या माणसांनी गुलाल उधळला. आत आबा खुर्चीवरच बसून होते. त्यांनी कलाबाईकडे बघितलंसुद्धा नाही. ते आत्याकडे बघत होते.

गावाला निवाडा करायला कितीसा वेळ लागतो? चिठ्ठी कोणी मागितली? यशोदाबाईनं. ज्याला लपवायचं असतं तोच चिठ्ठी मागतो. म्हणजे फितूर कोण? पिठाच्या गिरणीत, नदीवर, पारावर, सगळीकडे हेच. भंडारा उचलून पाठ फिरवली, देवी बघून घेईल, असं बाया माझ्या तोंडावर म्हणायच्या. कलाबाईचा संशय कोणाच्या स्वप्नातही आला नाही. सालदाराची बायको मालकाविरुद्ध जाईल हे कोणाला शक्यच वाटत नव्हतं.

रुपचंदनं आईला विचारलं, तू खरंच झुलालला दिलंस? आत्या दावं घेऊन गोठ्यात गेली. मग मी गेले मागे. मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही. ज्या माणसानं आपला बांध खाल्ला त्याला सरपंच केलंत, आपल्याच दाती आपलेच ओठ चावलेत, उद्या माझ्या पोरांच्या लग्नात भाऊबंद येतील का? तिनं म्हशीला चारा टाकला, परत उचलला, परत टाकला. हो म्हणेना, नाही म्हणेना. मला तिचा असा राग आला की दोन दिवस मी तिच्या पायाला तेल लावलं नाही.

एक दिवस दुपारी कलाबाई ताक मागायच्या निमित्तानं आली. रुपचंद शेतात होता. घरात आम्ही दोघीच. तिनं गडवा खाली ठेवला आणि आत्याचे पाय धरले.

"अक्का, फुली मी खाले मारी. मी आबाले जाईसन सांगस."

मी चुलीपाशी होते, माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आत्यानं तिला दंडाला धरून उभं केलं. एवढं कडक बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तुन्ही चिठ्ठी तुन्ही, मन्ही चिठ्ठी मन्ही. कोनले काई सांगानं नही. सांगी दिन्हं, मंग चिठ्ठी कसानी?" कलाबाई रडत म्हणाली की तुम्हाला सगळं गाव शिव्या घालतंय. आत्यानं तिचा गडवा ताकानं भरला आणि तिला दारापर्यंत नेऊन घालवलं.

मी तिथंच खाली बसले. मॅट्रिक झालेल्या माझ्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. जावई आणि आधार फुटणं शक्य नाही. आबांचं मत आबांना. फुटली ती कलाबाई, आणि एकच मत फुटलं. म्हणजे आत्यानं आपली शपथ पाळली होती. तिनं आबांनाच मत दिलं होतं! ज्या माणसाला मत दिलं त्याच्याच विरुद्ध जाईल अशी चिठ्ठी तिनं मागितली, का, तर उनपदेवला एक बाई पाण्यात बोट फिरवत घाबरत बसली होती म्हणून. आणि आता तिनं तोंड उघडलं तर बोट सरळ कलाबाईकडे जाणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही कोणी नव्हता, आणि फाशी मात्र आमच्या दारात. मी आत्याला म्हटलं, म्हणजे तुम्ही आबांनाच दिलं ना? ती चाळणी शोधायला लागली. म्हणाली, तुला कोणी सांगितलं?

मलाही नाही सांगितलं तिनं! तेव्हापासून कोणी आत्याला बोललं की माझे ओठ शिवशिवायचे. रात्रंदिवस मला एकच धास्ती, की आपण बोलून बसू.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिचा रोट असतो. भाऊबंदकीतल्या सगळ्या घरांतून गहू गोळा करायचे, एकत्र दळायचे, त्याचाच नैवेद्य, आणि तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला त्यातला घासही देत नाहीत. ज्या घराचे गहू रोटात नाहीत, ते घर भाऊबंदकीतलं नाही. आत्यानं गहू निवडून, धुऊन, वाळवून ठेवले होते. गावभर गहू गोळा झाल्याचं कानावर आलं. आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. आत्या ओट्यावरून घरात, घरातून ओट्यावर. गव्हाच्या परातीवर झाकलेलं फडकं दहादा काढून परत घालायची.

शनिवारी संध्याकाळी बैलगाडी दारात थांबली. गाडीत गव्हाची पोती. आबा स्वतः उतरले. गाडी हाकायला कलाबाईचा नवरा होता, तो कासरा धरून जुवाशीच बसून राहिला. आबा महिन्याभरात वाळल्यासारखे दिसत होते. ते ओट्यावर चढले नाहीत, खाली अंगणातच उभे राहिले. म्हणाले की भाऊबंद नको म्हणतात, पण मीच आलो, तुझ्या हातचं जेवून मोठा झालो म्हणून आलो.

"काकू, तू मालेच मत दिन्हं, इतलंच सांग. मी इस्वास ठेवसू. गहू लई जास."

एवढंच म्हणायचं होतं तिला. एक हो, आणि आमचे गहू त्या गाडीत गेले असते. आणि ते शंभर नंबरी खरं होतं. खोटं नको, शपथ नको, मान हलवली असती तरी पुरे होतं. रुपचंद दारात उभा होता, त्यानं हात जोडले, आई सांग. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं येऊन बसलं होतं, आत्यानं तुम्हालाच दिलं, आबा, तुमच्या खळ्यात शोधा. मी पदर तोंडात कोंबला.

आत्यानं आबांकडे बघितलं. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून गाडीकडे गेली, जुवाशी बसलेल्या त्या गड्याकडे. तो बैलाच्या पाठीवरच्या माशा हाकलत होता, त्याला यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

"चिठ्ठी सांगानी नही ऱ्हास, गिरधर."

आबा मागे वळले. गाडी गेली. आत्यानं परात उचलून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, हे दळून टाक, घरी पोळ्या करू. मी परात घेतली आणि मला रडूच फुटलं. तुमच्या नावाचं काय राहिलं आता भाऊबंदकीत, म्हटलं. ती म्हणाली की त्या रोटात बाईच्या नावाचे गहू घालतात कुठे, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी घालतात, माझं नाव त्यात होतं कधी? हे तिनं सहज म्हटलं. पण सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीला निघाली, आमच्या दारावरून गेली, आणि एकाही बाईनं ओट्याकडे मान वळवली नाही, तेव्हा आत्या घरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाली, जा, म्हशीला पाणी दाखव.

झुलालनं पुढच्या उन्हाळ्याआधी वस्तीत पाइप नेला. काही त्याच्या मनात वस्तीबद्दल कळवळा दाटला नव्हता. एका फुलीनं आलोय, एका फुलीनं जाईन, हे त्याला पक्कं कळलं होतं. आणि गंमत बघा, जे आबा इतक्या वर्षांत वस्तीत पाय ठेवून आले नाहीत, ते आता लोकांच्या ओट्यावर बसून चहा प्यायला लागले, पाणी येतं का विचारायला लागले. हरल्यावर माणसाला रस्ते सापडतात. आखाजीला कलाबाईच्या नवऱ्याचं साल पुन्हा आबांकडेच ठरलं, त्या दिवशी आत्या दोन भाकरी जास्त जेवली.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात आत्या गेली. चार श्रावण आमच्या घराचे गहू रोटात गेले नाहीत, पाचवाही तसाच जायचा. पण पुढच्या चैत्रात कलाबाईचा मुलगा भुसावळला नोकरीला लागला, आणि तो आईबापांना घेऊन गेला. जाण्याआधी कलाबाई एकटी आबांच्या ओट्यावर गेली आणि तिनं स्वतःच सगळं सांगितलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, सुनंदाताई, आता कोणाच्या खळ्याची भीती नाही, आता तुम्ही मोकळ्या. चार वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. माझ्यासारखीनं!

त्या श्रावणात आबा गहू न्यायला आले. आत येऊन आत्याच्या फोटोसमोर बसले. मला म्हणाले, एवढं एक तिनं सांगितलं असतं तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं, का नाही सांगितलं? माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, तुम्ही कलाबाईच्या नवऱ्याला गाडीवर ठेवून विचारायला आलात, आबा, ती कशी सांगेल? गहू मी दिले. रुपचंदच्या नावाचे, माझ्या पोरांच्या नावाचे. मग आबांनी स्वतः परातीतले आणखी एक मूठ गहू उचलले आणि पोत्यात टाकले. कोणाच्या नावाचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठी निवडणूक होती. शाळेत तीच खोली, तोच पुठ्ठा. मी कागद घेऊन आत गेले. रुपचंदनं सकाळीच सांगून ठेवलं होतं कुठे मारायचा ते. हातात शिक्का होता आणि बाहेरचा गलबला एकदम लांब गेल्यासारखा वाटला. नवरा नाही, दीर नाही, पोरं नाहीत, चुलीवर काही ठेवलेलं नाही. आत्या इथंच उभी राहायची. मी उभी राहिले. साहेबांनी हाक मारली, बाई, झालं का? मागच्या बाया कुरकुरायला लागल्या. मी म्हटलं, थांबा जरा.

घरी येताना रुपचंदनं विचारलं, एवढा वेळ? कोणाला दिलंस?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण ते मी त्याला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.